बिल्ड का फेल झाला? लॉगमधलं ‘वेगळं’ शोधण्याची युक्ती



आजचा विषय नावाने जरा जड वाटेल, पण त्यामागची अडचण अगदी साधी आहे. एखादं सॉफ्टवेअर पॅकेज बांधायला घेतलं, ते मध्येच अडकलं आणि समोर चाळीस हजार ओळींचा लॉग येऊन पडला. आता यातलं वाचायचं काय? हे वाचण्याचं काम यंत्राकडून करून घेता येतं का, आणि येत असेल तर कुठपर्यंत? आज आपण एवढंच बघणार आहोत.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. तुमच्या संगणकावर फेडोरा किंवा डेबियन असेल, तर त्यातलं प्रत्येक पॅकेज कुणीतरी मूळ कोडपासून बांधलेलं असतं. मग तो ब्राउझर असो, डेटाबेस असो, की पडद्यावर मराठी अक्षरं दाखवणारा लोहित देवनागरी फाँट असो. फेडोरात अशी वीस हजारांहून जास्त मूळ पॅकेजं आहेत, डेबियनमध्ये तीस हजारांहून जास्त. फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि तिच्या तयारीत बहुतेक वेळा सगळी पॅकेजं पुन्हा एकदा बांधून बघतात. याला मास रिबिल्ड म्हणतात.

आता गंमत बघा. पॅकेजच्या कोडमध्ये एक अक्षरसुद्धा बदललेलं नसतं. पण कंपायलर नवा आलेला असतो, लायब्ररी नव्या आलेल्या असतात. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी निमूटपणे बांधलं गेलेलं पॅकेज आज हट्ट करून बसतं. डेबियनच्या लोकांनी या प्रकाराला ‘एफटीबीएफएस’ असं लघुरूपच करून टाकलंय. अर्थ सरळ आहे, मूळ कोडपासून बांधता येत नाही. असं पॅकेज तिथे गंभीर दोषाचं मानलं जातं आणि वेळेत दुरुस्त झालं नाही तर येणाऱ्या आवृत्तीतून बाहेर काढलं जाऊ शकतं.

आणि हा प्रश्न फक्त यादीत नाव राहण्याचा नाही. जे पॅकेज बांधलंच जात नाही, त्यात उद्या सुरक्षेची दुरुस्ती आली तरी ती लोकांपर्यंत पोचवता येत नाही. बरं, हे सगळं सांभाळणारा माणूस अनेकदा स्वयंसेवक असतो. नोकरी करून संध्याकाळी त्याला तासभर मिळतो. तो तास लॉग चाळण्यातच गेला तर दुरुस्ती उद्यावर जाते. असे बरेच ‘उद्या’ साठले की तो माणूस कंटाळून पॅकेज सोडून देतो. फेडोरात अशा सोडून दिलेल्या पॅकेजला ‘ऑर्फन’, म्हणजे अनाथच म्हणतात.

शेवटची ओळ कारण सांगत नाही

बिल्ड होतो कसा? आधी एक स्वच्छ, बंदिस्त खोली तयार होते. तिच्यात लागणारी इतर पॅकेजं आणून बसवली जातात. मग मूळ कोड उघडायचा, पॅच लावायचे, कॉन्फिगर चालवायचं, कंपाइल करायचं, चाचण्या घ्यायच्या आणि शेवटी पॅकेज गुंडाळायचं. फेडोरात ही खोली ‘मॉक’ नावाचं साधन तयार करतं आणि ते एक नाही, अनेक लॉग मागे ठेवतं. खोली मांडण्याची हकिकत रूट लॉगमध्ये असते, प्रत्यक्ष बांधकामाची बिल्ड लॉगमध्ये. एखादं लागणारं पॅकेज मिळालंच नसेल, तर बिल्ड लॉगमध्ये त्याबद्दल काहीच सापडणार नाही. म्हणून आधी कुठला लॉग उघडायचा ते ठरवायचं.

समजा बिल्ड लॉग उघडला. साहजिकच आपण शेवटी जातो. तिथे काय असतं? ‘मेक’ने लिहिलेलं असतं, एरर २. याचा अर्थ इतकाच की मेकने ज्याला काम दिलं होतं, त्याला ते जमलं नाही. का जमलं नाही, ते वर कुठेतरी आहे.

किती वर, हे सांगता येत नाही. कारण हल्ली बिल्ड एका वेळी आठ किंवा सोळा कामं चालवतो. म्हणजे समजा, आठ जण एकाच वहीत एकाच वेळी लिहितायत. एकाचं काम फसलं तरी बाकीचे सात जण हातातलं काम पुरं करतात आणि आपापल्या ओळी लिहितात. खरी ओळ त्या गर्दीत वर ढकलली जाते. ग्नू मेकच्या ४.० आवृत्तीत, २०१३ साली, प्रत्येक कामाच्या ओळी एकत्र ठेवण्याची सोय आली. ती चालू असेल तर वाचणं सोपं जातं, पण सगळीकडे ती चालू असतेच असं नाही.

मग माणूस दुसरा उपाय करतो. ‘एरर’ हा शब्द शोधतो. करून बघा. फेडोरात सी भाषेतली फाइल कंपाइल करताना जे ठरलेले पर्याय दिले जातात, त्यांतल्या एका पर्यायाच्या नावातच ‘एरर’ आहे. म्हणजे सगळं सुरळीत चाललेलं असतानाही कंपाइलच्या ओळी-ओळीत हा शब्द येणार. त्यात लिबजीपीजी-एरर नावाची एक लायब्ररीसुद्धा आहे. शब्द हजार वेळा सापडतो आणि हाती काही लागत नाही.

ज्या ओळीत चूक दिसतच नाही

याच्या उलटा प्रकार जास्त त्रासदायक आहे. खरं कारण असलेल्या ओळीत चुकीचा एकही शब्द नसतो.

याचं एक खरं उदाहरण घेऊ. सी भाषेत पूर्वी एखादं फंक्शन आधी जाहीर न करताही वापरता यायचं. कंपायलर म्हणायचा, असेल कुठेतरी, चला पुढे. १९९९ च्या मानकात ही सवलत काढून टाकली. पण जीसीसी हा कंपायलर त्यानंतरही वर्षानुवर्षं नुसती ताकीद देऊन पुढे जात राहिला. शेवटी २०२४ च्या मे महिन्यात जीसीसी १४ आला आणि ही ताकीद थेट एरर झाली. जवळजवळ पंचवीस वर्षांची उधारी एका दिवसात वसूल!

जिथे कोड सरळ अडला तिथे काही प्रश्न नव्हता, एरर समोर दिसत होता. खरी गोम कॉन्फिगर या टप्प्यात होती. कॉन्फिगर काय करतं? या यंत्रावर अमुक फंक्शन आहे का, हे बघण्यासाठी चार ओळींचा छोटा प्रोग्रॅम लिहून कंपाइल करून बघतं. झाला तर ‘हो’, नाही झाला तर ‘नाही’. जुन्या पॅकेजमधले हे छोटे प्रोग्रॅम घाईघाईत, फंक्शन जाहीर न करता लिहिलेले होते. नव्या कंपायलरने ते नाकारले. कॉन्फिगरने त्याचा अर्थ घेतला की फंक्शनच नाही, आणि ते शांतपणे पुढे गेलं.

लॉग इंग्रजीत असतो, मी सोयीसाठी मराठीत वाचतो. जुन्या लॉगमध्ये ओळ होती, ‘एसएनप्रिंटएफ नीट चालतं का... हो’. नव्यात झाली, ‘एसएनप्रिंटएफ नीट चालतं का... नाही’. बस, एवढाच फरक. पॅकेज म्हणालं, फंक्शन नाही का, मग मी माझं पर्यायी वापरतो. आणि काही हजार ओळींनंतर ते पर्यायी फंक्शन आणि यंत्रावरचं खरं फंक्शन यांची टक्कर झाली. एरर आला तो तिथे. दुरुस्त करणारा तिथेच खोदत बसणार. कारण मात्र कितीतरी वर, एका निरुपद्रवी ‘नाही’मध्ये. आणि अशा ‘नाही’ शेकडो असतात, कारण प्रत्येक यंत्रावर प्रत्येक गोष्ट नसतेच.

याहून वाईट म्हणजे टक्कर झालीच नाही तर? मग बिल्ड यशस्वी होतो. फक्त पॅकेजमधली एखादी सोय गुपचूप गळून पडते. सगळं हिरवं दिसतं आणि वापरणाऱ्याला काही महिन्यांनी कळतं.

‘चूक कुठे आहे’ ऐवजी ‘वेगळं काय आहे’

आता आजचा मुख्य मुद्दा. वरच्या उदाहरणात ती ‘नाही’ची ओळ एकटी बघितली तर काहीच कळत नाही. मागच्या वेळी तिथे ‘हो’ होतं, हे माहीत असलं तरच ती बोलते. म्हणजे चुकीची खूण त्या ओळीत नाहीच, ती दोन लॉगमधल्या फरकात आहे.

आपण रोज हेच करतो. दाराची नेहमीची करकर आपल्या कानाला ऐकूही येत नाही. एक दिवस करकर झाली नाही की मात्र आपण मान वर करून बघतो. यंत्राला हेच शिकवायचं, म्हणजेच लॉगमधली विसंगती शोधणं. इंग्रजीत त्याला लॉग अ‍ॅनोमली डिटेक्शन म्हणतात. यंत्राला चुका शिकवायच्या नाहीत, नेहमीचं काय ते शिकवायचं. उरलेलं ते आपोआप वेगळं काढतं.

पण दोन लॉग नुसते शेजारी ठेवून फरक काढला तर जवळजवळ प्रत्येक ओळ वेगळी निघते. वेळ वेगळी, तात्पुरत्या फोल्डरचं नाव वेगळं, ओळींचा क्रम वेगळा. म्हणून पहिलं काम ओळीचा साचा ओळखण्याचं. ‘३७ पैकी १२ वी चाचणी ०.४ सेकंदात पास’ आणि ‘३७ पैकी १३ वी चाचणी १.१ सेकंदात पास’ या माणसाच्या दृष्टीने एकाच साच्यातल्या ओळी आहेत.

हे साचे काढण्याची एक गाजलेली पद्धत म्हणजे ‘ड्रेन’, २०१७ साली मांडलेली. तिची कल्पना पोस्टात पत्रं निवडतात तशी आहे. आधी ओळीत किती शब्द आहेत ते बघून एका खणात टाकायची. मग सुरुवातीचे शब्द बघून आतल्या खणात. शेवटी त्या खणातल्या साच्यांशी किती शब्द जुळतात ते मोजायचं. पुरेसे जुळले तर ओळ त्या साच्यात जाते आणि जे शब्द जुळले नाहीत, तिथे ‘काहीही चालेल’ अशी खूण होते. नाहीच जुळले तर नवा साचा. ओळ आली की निवडली, थांबायचं नाही. त्यामुळे मोठे लॉगही झटपट निवडले जातात.

एकदा साचे हातात आले की चित्र बदलतं. हजारो वेळा आलेला साचा म्हणजे नेहमीची वर्दळ. एकदाच आलेला साचा म्हणजे बघण्यासारखी ओळ. आणि मागच्या यशस्वी लॉगमध्ये कधीच न आलेला साचा म्हणजे आधी बघण्यासारखी ओळ.

दुसरा मार्ग थेट तुलनेचा आहे. ओपनस्टॅकच्या जगात वापरलं गेलेलं ‘लॉगरिड्यूस’ हे साधन या मार्गाने जातं. आधी यशस्वी लॉगमधल्या ओळींचं ते आकड्यांत रूपांतर करून ठेवतं. मग फेल झालेल्या लॉगमधली प्रत्येक ओळ घेऊन विचारतं, हिच्या सगळ्यात जवळची जुनी ओळ किती लांब आहे? जवळ असेल तर ओळ गाळायची, लांब असेल तर दाखवायची. हजारो ओळींचा लॉग मग एकदोन पडद्यांवर मावण्याइतका होऊ शकतो.

इथे एक खाच लक्षात घ्या. आपली ‘हो’ची ‘नाही’ झालेली ओळ या दोन्ही पद्धतींना फसवू शकते. एकच शब्द बदललाय, म्हणजे ओळ जवळचीच वाटणार. ड्रेन तर त्या शब्दाच्या जागी ‘काहीही चालेल’ म्हणून मोकळं होईल. म्हणून कॉन्फिगरच्या ओळींसाठी वेगळा नियम लागतो. तिथे प्रश्न आणि उत्तर जोडीने ठेवायचं आणि कुठल्या प्रश्नाचं उत्तर बदललं तेवढंच बघायचं. पद्धत कितीही हुशार असली तरी बिल्ड कसा चालतो हे माहीत असणाऱ्या माणसाची गरज इथे संपत नाही.

मोठे प्रयोग आणि बिल्डचं वेगळेपण

या क्षेत्रातले बरेच प्रयोग एचडीएफएस या साठवण प्रणालीच्या लॉगवर झाले. त्यात १ कोटी ११ लाखांहून जास्त ओळी आहेत, ५,७५,०६१ ब्लॉकचा प्रवास आहे आणि त्यातले १६,८३८ ब्लॉक बिघडलेले आहेत, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत. २०१७ चं ‘डीपलॉग’ हे काम यावरच गाजलं. त्यात यंत्र नेहमीचा क्रम शिकतं आणि पुढची ओळ कोणत्या साच्याची असेल याचा अंदाज करतं. अंदाजाबाहेरची ओळ आली की ती विसंगती.

पण त्या कोटीभर ओळींमध्ये साचे किती? तीसच्या आसपास. प्रणाली एकच, बोली एकच. बिल्डच्या जगात हजारो पॅकेजं, डझनभर भाषा, प्रत्येकाच्या चाचण्यांची बोली निराळी. शिवाय आठ जण एकाच वहीत लिहीत असल्यामुळे क्रमालाही फारसा अर्थ उरत नाही. त्यामुळे तिथलं यश इथे जसंच्या तसं उचलता येत नाही. बिल्डसाठी ‘त्याच पॅकेजचा मागचा यशस्वी लॉग’ हाच सगळ्यात भरवशाचा आधार ठरतो.

फेडोरात याच दिशेने ‘लॉग डिटेक्टिव्ह’ नावाचा प्रकल्प उभा राहिला. तो आधी ड्रेनच्या मदतीने लॉगमधले मोजके तुकडे काढतो आणि मग ते मोठ्या भाषा-मॉडेलला देऊन कारण विचारतो. सगळा लॉग सरळ मॉडेलला का द्यायचा नाही? कारण लॉग मोठा असतो, खर्च वाढतो आणि गर्दीत मॉडेलचंही लक्ष भरकटतं. या प्रकल्पाने एक शहाणपण दाखवलं. पॅकेज सांभाळणाऱ्या लोकांना त्यांनी विनंती केली, तुमचे फेल झालेले लॉग द्या, नेमक्या ओळी दाखवा आणि कारण तुमच्या शब्दांत लिहा. जाणत्या माणसाने दाखवलेल्या अशा ओळी कुठे तयार मिळत नाहीत, त्या जमवाव्याच लागतात.

वेगळं म्हणजे दोषी नव्हे

आता सावधगिरीचं बोलतो. यंत्राने दाखवलेली ओळ संशयित आहे, गुन्हेगार नाही. नवा कंपायलर नव्या ताकिदी देतो. त्या वेगळ्या दिसतात, पण त्यांनी बिल्ड अडत नाही. कंपाइलचा एखादा ठरलेला पर्याय बदलला तर हजार ओळी एकदम नव्या दिसतात. म्हणून ओळी मोजायच्या नाहीत, साचे मोजायचे. हजार ओळींचा साचा एकच असेल तर बदलही एकच आहे.

मग हातात यादी आली की काय करायचं? मी चार गोष्टी सांगेन. एक, त्याच पॅकेजचा, त्याच प्रोसेसरवरचा मागचा यशस्वी लॉग घ्या. दोन, दोन्ही वेळच्या खोलीत कोणती पॅकेजं होती आणि कुणाची आवृत्ती बदलली ते बघा. फेडोरात ‘कोशेई’ नावाची सेवा नेमकं हेच दाखवते आणि पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं. तीन, विसंगतींच्या यादीत शेवटच्या ओळीपासून नाही, पहिल्या ओळीपासून सुरुवात करा, कारण परिणाम कारणाच्या नंतर येतो. चार, ज्यावर संशय आहे तेवढी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा बांधून बघा. हा चौथा टप्पा झाल्याशिवाय ‘कारण सापडलं’ असं म्हणू नका, मग ते कारण मॉडेलने कितीही ठामपणे सांगितलेलं असो.

आणि हे सगळं यशस्वी बिल्डवरसुद्धा चालवा. गुपचूप गळून पडलेली सोय पकडायची असेल, तर हिरव्या लॉगमध्येही कुठलं ‘हो’ ‘नाही’ झालं ते बघावं लागतं.

वेळ होत आलीये, दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न: पॅकेज नवीनच असेल आणि यशस्वी लॉगच नसेल तर?

चांगला प्रश्न आहे. मग जवळचा नातेवाईक शोधायचा. तेच पॅकेज दुसऱ्या प्रोसेसरवर बांधलं गेलं असेल तर तो लॉग घ्या. समजा इंटेलवर झालं आणि एस३९०एक्सवर फसलं. तर या दोन प्रोसेसरमध्ये बाइटचा क्रमच उलटा असतो. चाचणीत आकडे उलटेपालटे दिसले तर संशय तिथे घ्या. तेही नसेल तर त्याच बिल्ड साधनाने, समजा सीमेकने, बांधलेल्या इतर पॅकेजांचे लॉग घ्या. चाचण्यांच्या ओळी जुळणार नाहीत, पण बाकी वर्दळ बरीच गळेल.

प्रश्न: बिल्ड फेल झाला की आम्ही तोच पुन्हा चालवतो, बऱ्याचदा पास होतो. मग एवढा खटाटोप कशाला?

पुन्हा चालवणं चूक नाही. नेटवर्क गेलं होतं, डिस्क भरली होती, यंत्रावर ताण होता, अशा वेळी तेच योग्य. पण दुसऱ्यांदा पास झाला म्हणून पहिला लॉग टाकून देऊ नका. एक काम दुसऱ्याच्या आधी संपायला हवं हे मेकफाइलमध्ये लिहायचं राहून गेलं असेल, तर तोच बिल्ड कधी पास होतो, कधी फेल. तो दोष यंत्राचा नाही, पॅकेजचाच आहे, आणि त्याचा पुरावा फक्त त्या फेल झालेल्या लॉगमध्ये आहे. आता तर तुमच्याकडे एकाच कोडचे, एकाच दिवसाचे दोन लॉग आहेत, एक पास आणि एक फेल. तुलनेसाठी यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही. जपून ठेवा.